पत्रा उगाच वाकत नाही

समजा, तुमच्यासमोर दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोन्हींचा रंग एकच, दोन्हींचे दिवे गोल, दोन्हींचे छप्पर पुढच्या काचेपासून मागच्या बंपरपर्यंत एकाच उतरत्या रेषेत गेलेले. पहिल्या नजरेला जुळी भावंडेच वाटावीत! पण एखादा जाणकार वीस पावलांवरून सांगतो, "डावीकडची १९६७ सालची, उजवीकडची १९७० सालची." त्याने नंबरप्लेट पाहिलेली नाही, बॉनेट उघडलेले नाही, मालकाला विचारलेले नाही. मग त्याला हे कळले कसे?

त्याने एकच गोष्ट पाहिली. दाराची मागची कड आणि मागच्या चाकाची कमान यांच्यामध्ये किती रुंद पत्रा आहे, ती. एका मोटारीत ती पट्टी दुसरीपेक्षा ५७ मिलिमीटरने, म्हणजे साधारण तीन बोटांनी, अधिक रुंद आहे. बस्स, एवढेच!

पण आपण विज्ञानाचे विद्यार्थी. "कळले कसे?" याच्या पाठोपाठ आपला दुसरा प्रश्न असतो, "असे केले का?" मोटारीचा पत्रा दाबून घडवण्यासाठी पोलादाचे अवजड साचे लागतात. ते बनवणे अतिशय खर्चाचे असते. तेव्हा कोणताही कारखानदार केवळ गंमत म्हणून पत्र्याची रेषा बदलत नाही. प्रत्येक बदलामागे काही तरी कारण असते. कधी ते पदार्थविज्ञानाचा नियम असते, कधी सरकारचा नियम, तर कधी माणसाच्या सवयी. ही कारणे ठाऊक झाली की खुणा पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप लक्षात राहतात. आणि खरी मोटार कोणती व नकली कोणती हेही ओळखता येऊ लागते.

यासाठी आपण एकच उदाहरण घेऊ. ते म्हणजे जर्मनीच्या श्टुटगार्ट शहरात बनणारी पोर्शे ९११ ही स्पोर्ट्स कार.

इंजिन मागे, डिकी पुढे

ही मोटार प्रथम लोकांसमोर आली ती सप्टेंबर १९६३ मध्ये, फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात. तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मध्ये शून्य असलेले तीन आकडी नाव आपले आहे, अशी हरकत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने घेतली आणि ९०१ ची ९११ झाली. तिची बाह्यरेषा आखली फर्डिनांड आलेक्झांडर पोर्शे यांनी. कंपनीच्या संस्थापकांचे ते नातू.

बहुतेक मोटारींत इंजिन पुढे आणि डिकी मागे असते. ९११ मध्ये नेमके उलटे. पुढचे झाकण उघडले की सामानाची जागा दिसते. इंजिन असते मागे, आणि तेही मागच्या आसाच्याही पलीकडे. आडव्या मांडणीचे, सहा सिलिंडरचे आणि हवेने थंड होणारे हे इंजिन मोटारीच्या शेपटीशी बसवलेले आहे. आपल्या गोष्टीचे मूळ इथेच आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत या मोटारीचा पत्रा जो जो वाकला, त्यांतील निम्म्याहून अधिक वेळा तो या मागच्या भारामुळेच वाकला.

बैलगाडीत भार मागच्या बाजूला जास्त झाला की गाडी 'उलाळ' होते, जू वर उचलले जाते. ९११ काही उलाळ होत नव्हती, पण तिच्या एकूण वजनापैकी जवळजवळ ५९ टक्के भार मागच्या चाकांवर होता. सरळ रस्त्यावर याचा फायदाच होतो, कारण इंजिन फिरवते ती चाके मागचीच आणि त्यांना भारामुळे पकड चांगली मिळते. अडचण येते ती वळणावर.

मोटार वळणावर फिरवायची तर तिला वर्तुळाच्या केंद्राकडे ओढणारे बल लागते, हे तुम्हांला माहीत आहेच. हे बल पुरवतात टायर, आणि ते पुरवतात घर्षणाने. ज्या आसावर वस्तुमान जास्त, त्याला बलही त्याच प्रमाणात जास्त हवे. पण टायरचा स्वभाव असा, की त्याच्यावरचा भार दुप्पट केला तर पकड वाढते खरी, पण दुपटीपर्यंत पोचत नाही. म्हणजे जास्त भार वाहणारे मागचे टायर आधी हात टेकतात. मग मोटारीची शेपटी वळणाच्या बाहेर फेकली जाते आणि मोटार स्वतःभोवती गिरकी घेऊ पाहते. वळणात चालकाने घाबरून एकदम पाय काढला, तर भार क्षणभर पुढे सरकतो, मागची पकड आणखी सैल होते आणि संकट वाढते.

सुरुवातीला कंपनीने यावर मोठा गमतीदार उपाय केला. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत प्रत्येकी ११ किलोग्रॅमचे लोखंड बसवले! पुढचा भार वाढवून तोल साधायचा, हाच हेतू. पण वेगवान मोटारीत निरुपयोगी ओझे वाहून नेणे कोणत्या अभियंत्याला आवडेल?

५७ मिलिमीटरचा हिशेब

खरा उपाय आला १९६९ सालच्या मॉडेलात. पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर आधी २२११ मिलिमीटर होते. ते २२६८ मिलिमीटर करण्यात आले. इंजिन होते तिथेच ठेवले, मोटारीची एकूण लांबीही तेवढीच राहिली. फक्त मागची चाके ५७ मिलिमीटरने मागे सरकली.

याने किती फरक पडला? नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज करता येईल असा हा हिशेब आहे. सोयीसाठी मोटारीचे वस्तुमान १००० किलोग्रॅम धरा. त्यांपैकी ५९० किलोग्रॅमचा भार मागच्या आसावर आहे. पुढच्या आसाभोवती बलांचे आघूर्ण घेतले, तर

१००० × गुरुत्वमध्याचे पुढच्या आसापासूनचे अंतर = ५९० × २२११

यावरून ते अंतर सुमारे १३०४ मिलिमीटर येते. इंजिन हलवलेले नाही, म्हणून गुरुत्वमध्य जवळजवळ तिथेच राहिला असे मानू. आता आसांतील अंतर २२६८ आहे. म्हणून

मागचा भार = (१००० × १३०४) ÷ २२६८ = सुमारे ५७५ किलोग्रॅम

म्हणजे हजार किलोमागे १५ किलोंचा भार मागच्या चाकांवरून उतरून पुढच्या चाकांवर गेला, आणि तोही लोखंडाचे ओझे न चढवता. याच वेळी एका मोठ्या बॅटरीऐवजी दोन लहान बॅटऱ्या देऊन त्या पुढच्या दोन कोपऱ्यांत बसवण्यात आल्या. ओझे व्हायचेच असेल तर ते उपयोगाचे तरी असावे!

चाक मागे सरकले म्हणजे कमान मागे सरकली आणि दार व कमान यांमधील पत्र्याची पट्टी रुंद झाली. हीच ती आरंभी पाहिलेली खूण. या पट्टीच्या खालच्या बाजूस एक लहानसे गोल झाकण असते. मागच्या चाकांच्या स्प्रिंगचे काम करणारा पोलादी दांडा त्याच्या आड असतो. दांड्याची जागा बदलली नाही, चाकाची बदलली. म्हणून १९६८ पर्यंतच्या मोटारीत हे झाकण कमानीला खेटून दिसते आणि नंतरच्या मोटारीत त्यांच्यामध्ये मोकळी जागा दिसते. मोजपट्टीसुद्धा लागत नाही.

एका वर्षाचे पाहुणे झाकण

या मोटारीच्या इंजिनाचे तेल इंजिनाच्या तळाशी न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवलेले असते. ही टाकी आधी उजव्या मागच्या चाकाच्या पाठीमागे होती. आठ-दहा लिटर तेलाचा हा भार आसाच्या मागे राहून शेपटी आणखी जड करत होता. म्हणून १९७२ च्या मॉडेलात टाकी चाकाच्या पुढच्या बाजूला आणण्यात आली.

भार गुरुत्वमध्याच्या जवळ आणल्याने दोन फायदे होतात. एक, आसांवरचा भार सुधारतो. दुसरा, मोटारीचे जडत्व-आघूर्ण कमी होते, म्हणजे तिला वळवणे आणि वळलेली थांबवणे सोपे जाते. फिरत्या खुर्चीवर बसून दोन्ही हातांत वजने घ्या. हात पसरले असताना फिरणे सावकाश होते, हात छातीशी घेतले की फिरणे चपळ होते. इथेही तत्त्व तेच.

टाकी हलली म्हणून तेल भरण्यासाठी उजव्या दाराच्या मागे, बाहेरच्या पत्र्यावर, एक छोटे झाकण आले. विज्ञानाच्या दृष्टीने सगळे उत्तम झाले. पण पेट्रोल पंपावरच्या माणसांनी हे झाकण पाहिले आणि त्यांना ते पेट्रोलच्या टाकीचे वाटले! पेट्रोलचे खरे झाकण पुढच्या डाव्या मडगार्डवर होते. तेलाच्या टाकीत पेट्रोल ओतले गेल्यावर इंजिनाचे काय होणार ते सांगायला नको. परिणामी १९७३ च्या मॉडेलात टाकी पुन्हा चाकाच्या मागे गेली आणि ते झाकण नाहीसे झाले. तेव्हा उजव्या अंगाला असे मूळचे झाकण दिसले, की मोटार १९७२ च्या मॉडेलाची समजावी. यंत्र कितीही चांगले असो, ते वापरणाऱ्या माणसाचा विचार अभियंत्याला करावाच लागतो, ही गोष्ट ते झाकण आपल्याला सांगते.

बदकाची शेपटी

आता सर्वांत प्रसिद्ध खुणेकडे वळू. शर्यतींच्या एका वर्गात भाग घ्यायचा तर त्या प्रकारच्या किमान ५०० मोटारी बांधल्या पाहिजेत, असा नियम होता. त्यासाठी पोर्शेने ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात 'कॅरेरा आरएस २.७' ही मोटार मांडली. मागच्या झाकणावर वर वळलेला एक ठळक उंचवटा, अगदी बदकाच्या शेपटीसारखा! लोकांनी तिला नावही तेच दिले.

ही शेपटी शोभेची नाही. ९११ चे छप्पर वर फुगीर आहे आणि मागे उतरत जाते. वेगाने जाणारी हवा अशा फुगीर पृष्ठाला लगटून वळते, तेव्हा पृष्ठाजवळचा दाब कमी होतो आणि पृष्ठ हवेकडे ओढले जाते. खोटे वाटत असेल तर करून पाहा. एक चमचा दांड्याच्या टोकाशी दोन बोटांत सैल धरा आणि त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला हळूच लावा. धार चमच्याला दूर ढकलील असे वाटते, पण चमचा धारेत ओढला जातो! मोटारीच्या पाठीवर हवा हेच करते. ती मोटारीची मागची बाजू वर उचलू पाहते.

हे उचलणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटर वेगाला ते असेल त्याच्या नऊपट ते ताशी २४० ला होते. मागचे टायर आधीच अडचणीत, त्यात वेग वाढेल तशी हवा त्यांना रस्त्यावरून उचलू लागते. पकड सर्वांत जास्त हवी तेव्हाच ती कमी होते.

हेर्मान बुर्स्ट व टिलमान ब्रोडबेक हे अभियंते आणि रोल्फ वीनर हे आकारकार यांनी वातविवरात प्रयोग करून ही शेपटी सिद्ध केली. उतारावरून घसरत येणारी हवा या उंचवट्याशी अडते, तिच्या अलीकडचा दाब वाढतो आणि उचल कमी होते. शिवाय हवा मोटारीपासून एका ठरावीक कडेवर नीट सुटते, त्यामुळे मागे उठणारे भोवरेही आटोक्यात येतात. परिणामी या शेपटीने मोटारीचा कमाल वेग कमी न होता उलट ताशी साडेचार किलोमीटरने वाढला. तिच्या स्वामित्वहक्कासाठी ५ ऑगस्ट १९७२ रोजी अर्ज करण्यात आला.

शेपटीबरोबर टायरही बदलले. पुढचे १८५ मिलिमीटर रुंद, मागचे २१५. रुंद टायर झाकायला मागचा पत्रा दोन्ही बाजूंनी मिळून ४२ मिलिमीटरने रुंद करावा लागला. म्हणून खऱ्या आरएसकडे मागून पाहिले तर तिचे नितंब साध्या ९११ पेक्षा भरलेले दिसतात. वजन कमी करण्यासाठी पत्रा पातळ घेतला, मागचे झाकण काचतंतूंच्या प्लॅस्टिकचे केले. हलक्या आवृत्तीचे वजन अवघे ९६० किलोग्रॅम भरले.

कायद्याने वाकवलेला पत्रा

१९७४ च्या मॉडेलात मोटारीचा चेहराच बदलला. त्याचे कारण मात्र वारा नव्हता, टायर नव्हते. कारण होते अमेरिकेचा कायदा. ताशी ५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ८ किलोमीटरच्या, धडकेत दिवे वगैरे सुरक्षेच्या भागांना इजा होता कामा नये, असा तो कायदा होता.

८ किलोमीटर म्हणजे धावत्या मुलापेक्षाही कमी वेग. पण हिशेब करा. वस्तुमान ११०० किलोग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे २.२ मीटर. गतिज ऊर्जा = ½ × ११०० × २.२ × २.२, म्हणजे जवळजवळ २७०० ज्यूल. ही ऊर्जा कुठे तरी खर्च व्हायला हवी. बंपर १ सेंटिमीटर सरकून थांबला, तर सरासरी बल होते २,७०,००० न्यूटन. तोच ५ सेंटिमीटर सरकला, तर ५४,००० न्यूटन. क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता, ते याच कारणाने.

म्हणून नवा बंपर अंगाला चिकटून न बसता पुढे आला आणि मागे सरकणाऱ्या आधारांवर बसला. बंपर व अंग यांच्यामधली फट झाकायला दोन्ही टोकांना बाजाच्या भात्यासारखे घडीचे रबर आले. बंपर वर आल्यामुळे पुढच्या झाकणाला खालपर्यंत पोचायला जागा राहिली नाही. ते आखूड झाले आणि खालची कड सरळ कापल्यासारखी झाली. तेव्हा पुढचे झाकण लांब, बंपरपर्यंत उतरलेले, तर मोटार १९७३ पर्यंतची. झाकण आखूड व कोपऱ्यांत रबरी भाते, तर १९७४ ते १९८९ मधली.

रुंद कमरेची टर्बो

ऑक्टोबर १९७४ मध्ये टर्बो आली. सुटून जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटी पंख्यासारखी चक्की फिरवायची आणि तिच्याकडून हवा दाबून इंजिनात भरायची, ही तिची युक्ती. ताकद वाढली तसे मागचे टायर आणखी रुंद झाले आणि कमानी अशा फुगल्या की दुरूनच नजरेत भराव्यात. मागच्या झाकणावर शेपटीऐवजी देवमाशाच्या शेपटीसारखी रुंद, रबरी कडेची सपाट फळी आली.

१९७८ मध्ये ही फळी बदलली. कडा चहाच्या ट्रेसारख्या वर वळल्या. का? हवा दाबली की तापते, हे सायकलला पंप मारणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात प्राणवायू कमी मावतो. ती इंजिनात जाण्यापूर्वी थंड करणारे उपकरण १९७८ पासून बसवले गेले आणि त्याला जागा मिळाली ती याच फळीच्या पोटात. शेपटीचा आकार पाहून आतले उपकरण ओळखता येते ते असे!

एक बदल मात्र डोळ्यांना मुळीच दिसत नाही. १९७६ च्या मॉडेलापासून या मोटारीचा पत्रा दोन्ही बाजूंनी जस्ताचा मुलामा दिलेला असतो, तुमच्या घरच्या जस्ती बादलीसारखा. ओरखडा उठून लोखंड उघडे पडले, तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. म्हणूनच त्याआधीच्या मोटारींपैकी कितीतरी गंजून गेल्या.

खरी कोणती, नकली कोणती?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कॅरेरा आरएस २.७ या मोटारी एकूण १५८० बांधल्या गेल्या. आज त्यांची किंमत त्याच काळातल्या साध्या ९११ च्या कित्येक पट आहे. तेव्हा साध्या मोटारीला बदकाची शेपटी लावून, बाजूला 'कॅरेरा' अशी अक्षरे रंगवून ती आरएस म्हणून विकण्याचा मोह कुणाला तरी होणारच. घेणाऱ्याचे आयुष्यभराचे पैसे अशा वेळी पणाला लागतात. त्याने कशावर विश्वास ठेवावा?

इथे एक नियम ध्यानात ठेवा. जी खूण बदलणे जितके अवघड, तितकी ती अधिक विश्वासाची. रंगवलेली अक्षरे तासाभरात होतात. मागचे झाकण काढून शेपटीवाले बसवायलाही वेळ लागत नाही. म्हणून सर्वांत डोळ्यांत भरणारी खूणच पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत कच्ची ठरते! याउलट चाकाची रुंद कमान सहज बदलता येत नाही. तिथे पत्रा कापावा लागतो, जोडावा लागतो, लांबी भरावी लागते. आणि कापाकापी केली की तिचा माग राहतो.

हा माग शोधण्याचे एक साधे साधन म्हणजे लोहचुंबक. पोलादी पत्र्यावर फक्त रंगाचा पातळ थर असेल, तर चुंबक घट्ट चिकटतो. खाली जाड लांबी भरलेली असेल किंवा कमान प्लॅस्टिकची जोडलेली असेल, तर तो सैल बसतो किंवा पडतोच. हा प्रयोग तुम्ही घरी करू शकता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घ्या. चुंबकाला रबरबँड बांधा. चुंबक डब्याला चिकटवा आणि रबर ओढून तो सुटेपर्यंत रबर किती लांबते ते मोजा. मग मध्ये एक पोस्टकार्ड ठेवा, मग दोन, मग तीन. प्रत्येक वेळचे माप लिहून आलेख काढा. पहिल्या एक-दोन कार्डांतच बल किती झपाट्याने घसरते ते पाहून तुम्हांला नवल वाटेल. मात्र साधन कुठे चालते आणि कुठे चालत नाही हेही समजले पाहिजे. आरएसचे मूळचे झाकणच काचतंतूंचे आहे. तिथे चुंबक चिकटला नाही म्हणून मोटार नकली ठरत नाही!

दुसरा माग जोडाचा. कारखान्यात दोन पत्रे जोडताना ते दाबून धरतात आणि त्यांतून मोठा विद्युत्प्रवाह सोडतात. जिथे पत्रे टेकतात तिथे रोध जास्त, म्हणून उष्णता तिथेच होते आणि तेवढा ठिपका वितळून एकजीव होतो. असे ठिपके ठरावीक अंतरावर, रांगेत दिसतात. नंतर कोणी हाताने डाग दिला, तर सलग ओबडधोबड रेघ दिसते आणि उष्णतेने आसपासचा पत्रा थोडा वाकतो. कमानीच्या आतून हात फिरवला आणि दिवा धरून पाहिले, तर डावी व उजवी बाजू सारखी आहे की नाही हे कळते.

तिसरा माग चासी नंबरचा. १९७३ च्या कॅरेरा आरएसचा नंबर ९११३६० या आकड्यांनी सुरू होतो, त्याच वर्षाच्या साध्या ९११ एस कूपेचा ९११३३० ने. पण नंबर घासून दुसरा ठोकला तर? इथेही धातू साक्ष देतो. पोलादावर आकडा ठोकताना खालचे स्फटिक दबतात आणि विकृत होतात. वरचा आकडा घासला तरी ही विकृती खोलवर शिल्लक राहते. पृष्ठ गुळगुळीत करून योग्य आम्ल लावले, की विकृत भाग वेगळ्या गतीने झिजतो आणि पुसलेला आकडा पुन्हा उमटतो. गुन्हा-अन्वेषणाच्या प्रयोगशाळांत ही पद्धत वापरली जाते.

अर्थात उलटी घाईही करू नये. शर्यतीची मोटार म्हटली की अपघात आले, आणि अपघात झाला की पत्रा बदलणे आले. कमानीत हाताचा जोड सापडला म्हणून ती नकलीच, असा निकाल एका पुराव्यावर देता येत नाही. पत्रा, जोड, नंबर, कागदपत्रे हे सगळे पुरावे एकमेकांशी जुळतात का, ते पाहावे. प्रयोगशाळेत एका निरीक्षणावरून आपण नियम मांडत नाही, तसेच हे.

खुणा एका नजरेत

गोल झाकण मागच्या कमानीला खेटून: १९६८ पर्यंत.
गोल झाकण व कमान यांत मोकळी जागा, पुढचे झाकण लांब: १९६९ ते १९७३.
उजव्या दारामागे तेलाचे झाकण: १९७२.
बदकाची शेपटी, मागच्या कमानी रुंद: १९७३ ची कॅरेरा आरएस. (शेपटी एकटी दिसली तर सावध!)
आखूड झाकण, बंपरच्या टोकांना रबरी भाते: १९७४ ते १९८९.
फार फुगलेल्या कमानी व सपाट फळी: टर्बो. फळीच्या कडा वर वळलेल्या असल्या, तर १९७८ नंतरची.

१९८९ मध्ये आलेल्या नव्या ९११ मध्ये मागची फळी झाकणात लपली आणि ताशी ८० किलोमीटर वेग गाठला की आपोआप वर येऊ लागली. प्रश्न तोच राहिला, मागचा भार आणि वर उचलणारा वारा. उत्तर तेवढे बदलले.

पोर्शे तुमच्या गल्लीत दिसणार नाही कदाचित, पण तिची गरजही नाही. तुमच्या गावात एकाच जातीच्या जुन्या-नव्या रिक्षा, स्कूटर, ट्रॅक्टर, एसटी गाड्या फिरतच असतात. त्यांतल्या दोन निवडा. वहीत दोघींची बाह्यरेषा काढा आणि फरक टिपा. जाळी बदलली? दिवा सरकला? मडगार्ड रुंद झाले? मग प्रत्येक फरकापुढे "का?" असे लिहा. उत्तर सापडेपर्यंत ती जागा कोरी ठेवा. गॅरेजमधल्या मिस्त्रींना विचारा, शिक्षकांशी चर्चा करा, जमेल तिथे हिशेब मांडा. शिक्षकांनी हा उपक्रम वर्गाचे गट पाडून जरूर करून घ्यावा. आघूर्ण, घर्षण, दाब, ऊर्जा हे धडे फळ्यावर जितके समजतात, त्याहून अधिक ते एखाद्या वाकलेल्या पत्र्यापाशी उभे राहून समजतील.